कोपऱ्यातला खण

आमच्या घरात यायचं तर आधी छापखान्यातून यावं लागे. पाहुणा असो, दूधवाला असो, नाहीतर माकुणसारहून तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आलेला मामा असो, त्याला डाव्या हाताचं ट्रेडल मशीन, उजव्या हाताच्या छापायच्या खिळ्यांच्या लाकडी केसा आणि मधल्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या पत्रिका यांच्यातून वाकून वाट काढावी लागे. तेव्हा कुठे आईच्या स्वयंपाकघराचा उंबरठा येई. मामा दर वेळी एखादी ओली पत्रिका कपाळाला चिकटवूनच आत येत असे आणि आई दर वेळी म्हणे, "आज कुणाचं लगीन लावून आलास रे?" आमच्या घराला शाईचा आणि रॉकेलचा वास होता. शाई लागलेला खिळ्यांचा फर्मा धुवायला रॉकेल लागे, आणि ते हात कितीही साबणाने धुतले तरी जेवताना बोटांना येत असे. आई तांदळाची भाकरी थापताना कुरकुरे, "मी इकडं सुका बोंबील भाजते, तुमी तिकडं रॉकेल ओतता. खाणाऱ्याला कळायचं कसं काय खाल्लं ते?" पण शेजारपाजारच्या घरांत जेवायला बसले की मला तिथलं जेवण अळणी वाटे, इतकी मला त्या वासाची सवय झाली होती.

पालघर तेव्हा लहान होतं. स्टेशन, बाजार, कोर्ट, शाळा, आणि जरा बाहेर पडलं की भातखाचरं. आमचं घर रुळांपासून फार लांब नव्हतं. मालगाडी गेली की केसांतले सगळे खिळे बारीक आवाजात किणकिणत, आणि अण्णा काम थांबवून मान वर करत. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गिरगावातल्या एका मोठ्या छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवून जुळवून त्यांच्या उजव्या अंगठ्याला कायमची चीर पडली होती. आईशी लग्न झाल्यावर मुंबईच्या दमट खोलीत तिची तब्येत टिकेना, म्हणून ते इकडे आले आणि जुनं ट्रेडल घेऊन स्वतःचा छापखाना घातला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सत्यनारायणाची निमंत्रणं, नाटकाच्या जाहिराती, जे येईल ते. मी एकुलती एक. मला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी खिळ्यावरची उलटी अक्षरं वाचता यायला लागली. शाळेत बाईंनी फळ्यावर अक्षर काढलं की मला ते सरळ असल्याचं नवल वाटे.

ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खिळा म्हणजे शिशाचा बोटभरही नसलेला चौकोनी तुकडा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. केस म्हणजे लाकडाचं उथळ ताट, त्यात लहानमोठे खण, एकेका अक्षराला एकेक खण. जुळारी केसकडे बघत नाही, मजकुराकडे बघतो. हात आपला आपण त्या त्या खणात जातो आणि अक्षर उचलून आणतो. काम छापून झालं की सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात सोडायचे. अण्णा म्हणायचे, "जुळवणं कोणालाही येतं. सोडणं ज्याला नीट येतं तो जुळारी." आज हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला.

अण्णांनी गिरगाव सोडताना तिथल्या मालकाने त्यांना एक केस भेट दिली होती. तिला आमच्याकडे 'चर्चचा टाइप' म्हणत. इंग्रजी अक्षरं, पण आपल्या पुस्तकांत असतात तशी नव्हेत. फार जुन्या धाटणीची, कोनाकोनांची, कुठे जाड तर कुठे केसासारखी बारीक. विलायतेत पूर्वी बोरूने पोथ्या लिहीत त्या वळणाची, असं अण्णा सांगत. ख्रिस्ती लोकांच्या लग्नपत्रिकांना आणि दुखवट्याच्या कार्डांना ती शोभत. इकडे अशी गिऱ्हाइकं वर्षातून दोन-तीन, पण अण्णा त्या केसवर रोज फडकं मारत. ती केस दुसऱ्या कोणी हाताळायची नाही असा नियमच होता, आणि आमच्या घरात नियम असे नव्हतेच फारसे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना शिरगावहून दुमिंग मास्तर आले. मूळचे वसईकडचे, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून शिरगावात घर करून राहिलेले. उंच, किडकिडीत, कोट कोपरावर विरलेला. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं एक प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडून अण्णांसमोर धरलं. त्यावर त्यांच्या बायकोचं नाव होतं, तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कोणी वडीलधाऱ्याने लिहिलेलं, थेट आमच्या चर्चच्या टाइपाच्या वळणाचं. बाई गोव्याच्या. नाव कोन्सेसांव. त्यातल्या एका 'सी'च्या पायाशी गळासारखा एक लहानसा आकडा होता आणि 'ए'च्या डोक्यावर एक आडवी लाट.

"मालक, मुंबईला आमचं लगीन झालं तवा पत्रिकेत हे दोन्ही गाळलं," मास्तर म्हणाले. "छापणारा म्हणाला, असलं आमच्याकडे मिळत नाय. हिनं तवापासून मला एकच सांगितलंय. पोरीच्या पत्रिकेत आईचं नाव पुरतं यायला पायजे. मी हो म्हणून बसलोय. आता तुमी सांगा."

अण्णांनी लगेच हो म्हटलं. मला वाटतं, मास्तर विचारायच्या आधीच त्यांनी मनात कानस हातात घेतली होती. आपल्या मराठीत अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाखाली काही ना काही असतंच. मात्रा, अनुस्वार, उकार हे आयुष्यभर जुळवत आलेल्या माणसाला त्या खुणांचं काय वाटणार? अडचण खिळ्याची होती. चर्चच्या टाइपात लाटवाला 'ए' नव्हता आणि बाजारात मिळणारा नव्हता. तेव्हा अण्णांनी साध्या 'ए'चा खिळा चिमट्यात धरून त्याच्या डोक्यावरचा कोरा भाग कानशीने झिजवला, आणि त्या इवल्याशा खाचेत मराठीतला अवग्रह आडवा करून बसवायचं ठरवलं. अवग्रह आडवा केला की लाट होते. मी शेजारी बसून शिशाचा भुगा फुंकत होते. दोन दिवसांनी प्रूफ काढलं तेव्हा घरात जणू बारसं होतं. मास्तरांबरोबर बाई स्वतः आल्या होत्या, ठेंगण्या, गोऱ्या, केसांत अबोलीचा गजरा. त्यांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "लाट उलटी आहे हो."

अण्णांनी पुस्तक आणि प्रूफ शेजारी ठेवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खरंच उलटी होती. पुस्तकातली लाट आधी वर चढून मग खाली उतरत होती, आमची आधी खाली जाऊन मग चढत होती. अवग्रह कसाही फिरवला तरी त्याची लाट तशीच. जन्मभर उलटी अक्षरं सुलट वाचणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं, आणि त्यावर सगळ्यात जास्त तेच हसले. मग त्यांनी पावत्यांच्या कडेला लावायची पितळी नागमोडी पट्टी घेतली, तिच्यातली नेमकी हवी ती एकच लाट करवतीने कापली आणि डाख देऊन 'ए'च्या डोक्यावर बसवली. 'सी'ला स्वल्पविरामाची शेपटी जोडली. एकेक जास्तीचाही केला, मोडला तर असावा म्हणून. आठ-दहा दिवस गेले या चार खिळ्यांपायी. पत्रिका छापून झाल्यावर बाईंनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि आईच्या गळ्यात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून नारळाच्या दुधात शिजवलेल्या काळ्या गुळाच्या वड्या आल्या, केळीच्या पानात बांधून. मी इतक्या खाल्ल्या की आईने उरलेल्या शिंक्यावर ठेवल्या.

ते चार खिळे अण्णांनी चर्चच्या टाइपाच्या केसमध्ये, अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खणात ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते खण दाखवत. पावतीपुस्तक न्यायला आलेल्या भुसार दुकानदाराला त्या लाटेत काय रस असणार, पण तोही मान डोलवून जाई.

माझी नात परवा फोनवर काहीतरी लिहीत होती. मी तिला विचारलं, 'ए'च्या डोक्यावर लाट काढता येते का गं यात? ती म्हणाली, "त्यात काय आजी, दाबून धरायचं." तिने 'ए' दाबून धरला आणि खालून लाटांचे, टिंबांचे, टोप्यांचे कितीतरी 'ए' वर आले. जुन्या वळणाची अक्षरंही तिने काढून दाखवली. मी बघत राहिले. तिला वाटलं आजीला कौतुक वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

मी सतरा-अठराची झाले तोवर आमच्या भागाचं रूप बदलायला लागलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनवर घाटावरची, विदर्भातली, कुठकुठली माणसं ट्रंका घेऊन उतरायची, बाजारात हिंदी ऐकू यायची. एका ठेकेदाराचं छपाईचं काम आमच्याकडे आलं. हजेरीचे तक्ते, गेटपास, सामानाच्या याद्या. सगळं साध्या इंग्रजी टाइपात आणि सगळं उद्याच हवं. शाळा संपवून मी पूर्णवेळ केसपुढे उभी राहिले होते, आणि खरं सांगायचं तर मी फार चांगली जुळारी होते. माझा हात अण्णांपेक्षा झपाझप चाले. ठेकेदाराचा मुकादम दारात उभा राहून म्हणे, "बेटी तो मशीन है," आणि मी मान वर न करता आणखी वेग वाढवी. अण्णा कौतुकाने बघत. की बघत नव्हते? त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. 'न' आणि 'त'मध्ये त्यांची गल्लत व्हायला लागली होती. ते कबूल करत नसत, आणि मी त्यांच्या चुका दुरुस्त करताना जरा मोठ्यानेच "च्च" करत असे. ते "च्च" मला अजून ऐकू येतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. छापखाना बंद, ट्रेडलला झेंडूची माळ, जुळवलेली ओळ धरायच्या स्टिकला हळदकुंकू. आदल्या दिवशी सगळ्या केसा उपसायच्या, धूळ काढायची, आणि झिजलेले, मोडलेले खिळे वेगळे करून मोडीच्या डब्यात टाकायचे. हा डबा मुंबईच्या टाइपवाल्याचा माणूस घेऊन जाई आणि त्याच्या बदल्यात नवा टाइप येई. त्या वर्षी ठेकेदाराच्या कामाला टाइप कमी पडत होता, म्हणून मी डबा भरायच्या मागे लागले होते. मोड ओळखायची आमची रीत अशी की खिळ्यावरून अंगठा फिरवायचा. अक्षराखालचा खांदा घासलेला लागला, कडा तुटलेली लागली, की टाक डब्यात. मी माझ्या केसा झटक्यात संपवल्या आणि चर्चच्या टाइपाची केस खाली घेतली. अण्णा बाजारात गेले होते. इतकी वर्षं ती केस ते स्वतः साफ करत. मला वाटलं, त्यांना आता दिसत नाही, मीच करून टाकते.

कोपऱ्यातल्या खणातले चार खिळे माझ्या हातात आले. अंगठ्याला घासलेला खांदा लागला, डाखेची गाठ लागली. मला कळलं नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला कळलं. उंबरठ्यावर बसून झेंडू ओवत असलेल्या आईलाही कळलं. ती म्हणाली, "ते मास्तरांचं ना गो?"

"सात-आठ वर्षांत कोणी मागितलंय का?" मी म्हणाले. "जागा अडवून बसलेत नुसते." आणि टाकले. चार वेळा टिक टिक झालं. रागाने टाकले नाहीत, विसरूनही टाकले नाहीत. घाईने टाकले, आणि मी किती कामाची आहे हे दाखवायला टाकले. संध्याकाळच्या आत डबा गेला.

दिवाळी होऊन गेल्यावर दुमिंग मास्तर आले. दारातून आत यायला त्यांना वाकावं लागलं, ते वाकले ते तसेच राहिले असं वाटलं. कोटाच्या खिशाला काळी फीत. बाई गेल्या होत्या. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, येणाऱ्यांना द्यायचं आठवणीचं कार्ड छापायचं होतं. आईने त्यांना पाणी दिलं, चहा टाकला. मास्तर चहाला न शिवता म्हणाले, "मालक, तीच अक्षरं पायजेत. त्या खुणांसकट. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं, पण लेकीची पत्रिका उशाशी ठेवली होती."

"आहेत ना," अण्णा म्हणाले. "जपून ठेवलेत." आणि त्यांनी केस ओढून, न बघता, वरच्या उजव्या कोपऱ्यात हात घातला.

त्यांचा हात खणाच्या तळाला लागलेला मी पाहिला. बोटांनी चारी कोपरे चाचपले. मग शेजारचा खण, मग त्याच्या शेजारचा. मास्तरांना म्हणाले, "मिळतील, तुम्ही निश्चिंत जा." मास्तर गेल्यावर त्यांनी सगळी केस जमिनीवर चादर पसरून उपडी केली आणि एकेक खिळा अंगठ्याने तपासायला बसले. डोळ्यांनी नाहीच. मला म्हणाले, "शालू, जरा बघतेस का गं? मी कधीतरी चुकून दुसऱ्या केसमध्ये सोडले असतील." आणि मी, सगळं माहीत असलेली मी, त्यांच्यासमोर मांडी घालून शोधायला बसले. दोन दिवस आम्ही शोधत होतो. केरसुणीखालचा कचरा चाळला. ट्रेडलखालची माती चाळली. मी टाकलेले खिळे मी त्यांच्याबरोबर शोधले, आणि मधेच "इथे नाहीत अण्णा" असंही म्हणाले. अण्णांनी माझ्यावर आयुष्यात हात उगारला नव्हता, म्हणजे भीती मारची नव्हती. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी मामाला सांगितलं होतं, "शालूच्या हातात छापखाना गेला की मी सुटलो." ते बोलणं मला परत जायला नको होतं.

रात्री ताटावर बसल्यावर अण्णा म्हणाले, "माझ्याच हातून गेले. दिसत नाही मला आता, सोडताना कुठेतरी गेले." त्यांनी भाकरी तशीच ठेवली. आई माझ्याकडे बघत होती. मी भात कालवत होते.

मग त्यांनी नवे करायचं ठरवलं. खिडकीत उजेडाला बसून पहिला 'ए' कानशीला लावला, तो डोक्यापर्यंत झिजला. दुसऱ्याची लाट तिरकी बसली. तिसऱ्याला कानस घसरून अंगठ्यात गेली, त्या जुन्या चिरेवरच. चर्चच्या टाइपात 'ए' होते किती! आणखी एक गेला असता तर बाकीचा मजकूरही जुळला नसता. मी करू का, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "कर बाई." पण मला वेग येत होता, हे येत नव्हतं. माझ्या हातून 'सी'ची पाठच मोडली. शेवटी कार्ड बिनखुणांचंच छापलं. बाकी इतकं सुंदर छापलं होतं की पाहून रडू यावं.

मास्तरांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. अण्णा उभे होते, अंगठ्याला चिंधी. म्हणाले, "मास्तर, माझ्या हातून हरवले. मला दिसत नाही आता. माफ करा." त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी तीन हातांवर होते, स्टिक हातात होती, तोंड उघडलं होतं.

"ऱ्हाऊ द्या मालक," मास्तर म्हणाले. "मी करतो. लिहायची शाई तेवढी द्या." त्यांनी खिशातून टाक काढला. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी पाट मांडून बसले आणि शंभरावर कार्डांवर एकेक करून बायकोच्या नावातली लाट काढली, आकडा काढला. अण्णा त्यांच्या शेजारी बसले, एकेक कार्ड पुढे सरकवत, एकेक उचलून टीपकागदावर ठेवत. मधेमधे विचारत, "लागली का बरोबर?" मास्तर म्हणत, "लागली." काही कार्डांवर लाट उलटी लागली होती, आमच्या पहिल्या प्रूफसारखी. ती मला दिसली. अण्णांना दिसली नाही. मास्तरांना दिसली असेल, पण ते पुढचं कार्ड घेत होते. आईने त्या दिवशी दोघांना केळफुलाची भाजी आणि भात वाढला, आणि मास्तर जेवले. जाताना त्यांनी एक कार्ड आईच्या हातात ठेवलं. ते माझ्याकडे आहे. छापलेली अक्षरं अजून काळी कुळकुळीत आहेत. हाताने काढलेली लाट पिवळटली आहे, बोट लावलं तर निघून येईल अशी भीती वाटते.

मास्तर गेल्यावर अण्णांनी आपली पितळी स्टिक पुसली. गिरगावातल्या पहिल्या दिवसापासूनची ती. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तूच. मी घड्या घालीन." मला हवं होतं ते मला असं मिळालं.

त्यानंतर ते केसपुढे उभे राहिले नाहीत. दाराजवळच्या टेबलाशी बसून पत्रिकांच्या घड्या घालत, खळ लावत. गिऱ्हाईक विचारी, "अण्णा, तुमी नाय जुळवत आता?" ते सांगत, "हाताचा भरवसा नाही राहिला बाबा." आई मला एकटीला गाठून म्हणे, "सांग गो त्यांना. नायतर मी सांगते." मी म्हणे, "मीच सांगते, उद्या सांगते." मी तिच्याकडून न सांगण्याचा शब्द घेतला होता, म्हणून ती बिचारी गप्प राहिली. पुढे अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्यांना लख्ख दिसायला लागलं. दारात बसून पेपरातली बारीक जाहिरातसुद्धा वाचत. मला वाटलं, आता उभे राहतील. मी मुद्दाम एक सोपी पत्रिका त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मजकूर वाचला, एक काना सुटलेला दाखवला आणि कागद मला परत दिला. "डोळे आले गं," म्हणाले, "पण एवढी जपलेली वस्तू ज्या हाताने घालवली, तो हात आता केसमध्ये घालवत नाही." तेव्हाही मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी सांगितलं तर त्यांची ती सगळी वर्षं कोण परत देणार, असा मी विचार केला. खरं म्हणजे मी माझाच विचार केला.

शेवटच्या आजारपणात ते पुढच्या खोलीतच झोपून असत, ट्रेडलच्या शेजारी, त्यांच्या हट्टाने. एका दुपारी मी त्यांना पेज भरवायला बसले होते. डोळे मिटलेले होते आणि उजवा हात चादरीवर हलत होता. आईला वाटलं वात झालाय. मी जुळारी होते, मला ती हालचाल कळली. ते जुळवत होते. हात खाली जाई, एक खिळा उचली, डाव्या हाताकडे आणी. मधल्या खणांतून, डावीकडून, पुन्हा मधून. मी अक्षरं लावत गेले. सी, ओ, एन, सी, ई, आय. मग हात वर गेला, उजवीकडे, अगदी कोपऱ्यात. तिथे थांबला. बोटांनी तळ चाचपला, चारी कोपरे चाचपले. रिकामा परत आला. पुन्हा गेला. पुन्हा परत आला. आई मागून हळूच म्हणाली, "शालू, आता तरी." मी पेजेची वाटी खाली ठेवली, तो हात धरला आणि म्हणाले, "अण्णा, झोपा आता." ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

छापखाना मी पुढे पुष्कळ वर्षं चालवला, चांगला चालवला, लोक अजून नाव काढतात. त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते लिहीनही. पण हे प्रकरण मला त्यांच्याशी बोलायला हवं होतं म्हणून लिहिलं. अण्णा, तुम्ही नीट ठेवले होते. तुमचा हात बरोबर खणात जात होता, शेवटपर्यंत जात होता. खण मी रिकामा केला होता.